आमच्या थोरलीचा वीजमापक

माधवनगरच्या यंत्रमागांवर ज्यांची हयात गेली, त्यांना मोजमापाचे महत्त्व कुणी सांगावे लागत नाही. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती बसले ते पीक, आणि त्या पिकावर मजुरी. पीक मोजायला एक छोटे घडीचे भिंग असते. आमचे वडील मागावर होते. अक्षरओळख बेताचीच, पण भिंगाला डोळा लावून सुईच्या टोकाने ते असे धागे मोजत की शेठच्या कारकुनाला पुन्हा मोजायची गरज वाटत नसे. ते भिंग त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतले होते. इतर कामगार हसायचे, कारण शेडमध्ये शेठचे भिंग होतेच.

मी मागावर गेलो नाही. आयटीआयमधून वायरमन झालो आणि गेली तीस-बत्तीस वर्षे माधवनगर, बुधगाव, कवलापूर या टापूत फिरून काम करतो. मागांची शेड, घरांची फिटिंग, विहिरीवरच्या मोटारी, मांडवाचे लायटिंग, जे मिळेल ते. थोरली मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होती. २०२४ च्या पावसाळ्यात तिचे शेवटचे वर्ष सुरू झाले आणि प्रोजेक्ट काय करायचा याची घरात चर्चा चालू झाली. पुष्कळ मुले तयार प्रोजेक्ट विकत आणतात, ही गोष्ट आता लपून राहिलेली नाही. आमच्याकडे तेवढे पैसेही नव्हते आणि थोरलीचा तसा स्वभावही नाही.

त्याच सुमारास आक्काचे प्रकरण उद्भवले.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. दाजी जॉबर होते, ते वारून नऊ वर्षे झाली. आक्काने वीस वर्षे कांड्या भरल्या. पुढे मागांचे काम कमी झाले तेव्हा तिने शिलाई मशीन घेतले आणि गुडघे दुखायला लागल्यावर मीच त्याला मोटार बसवून दिली. ब्लाऊज, परकर, उशांचे अभ्रे असे तिचे काम. १४ एप्रिलच्या आधी पंधरा दिवस तर तिला पाठ टेकायला सवड नसते. ती राहते आठ खोल्यांच्या चाळीत. आठ खोल्यांना मिळून मालकाच्या नावचे एकच मीटर. बिल आले की मालक ते पॉइंटवर वाटतो. बल्बचा एक, पंख्याचा एक, टीव्हीचे दोन, फ्रिजचे पाच. आक्काच्या मशीनचे मात्र पॉइंट नव्हते, त्याचे महिन्याला वेगळे ३०० रुपये होते. त्या पावसाळ्यात मालकाने त्याचे ५०० केले. म्हणाला, "मोटार हाय. मोटार लई खाती."

आक्का आमच्याकडे आली ती हिशेब घेऊनच. शिलाईतून दोरा, बटणे, अस्तर जाऊन उरते ते किती, त्यातले ५०० गेले की राहते काय. "मोटार काढून घे बाबा, पायानंच चालवते," असे म्हणाली आणि बसली. तिचे गुडघे मला माहीत आहेत. जिना उतरताना ती भिंत धरते.

मी मालकाला भेटलो. माणूस वाईट नाही, पण त्याच्या मनात पक्के बसलेले होते. त्याने त्याच्या वायरमनकडून तपासणी करून घेतली होती. त्या पोराने आक्काच्या खोलीच्या वायरला टाँग टेस्टर लावला, काटा १.३ अँपिअरवर गेला. १.३ गुणिले २३०, म्हणजे तीनशे वॅट. दिवसाचे दहा तास धरा, तीन युनिट. महिन्याचे नव्वद. कागदावर हिशेब स्वच्छ होता. त्यात दोन गोष्टी राहून गेल्या होत्या. एक, त्या वेळी खोलीतला फ्रिजही चालू होता. आणि दुसरी, जी जास्त महत्त्वाची, ती म्हणजे मोटार असेल तिथे अँपिअरला व्होल्टने गुणले की वॅट येत नाहीत.

हे वाचकांना जरा उलगडून सांगतो, कारण पुढचा सगळा खटाटोप यावरच आहे. आपल्याकडच्या रसवंतीत उसाच्या रसाचा ग्लास समोर येतो. वर फेस, खाली रस. ग्लास भरलेला दिसतो, पण पोटात जातो तो रस. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे भरलेला ग्लास. खरे काम करणारे वॅट म्हणजे रस. साधा काचेचा बल्ब किंवा इस्त्री असेल तर फेस नसतोच, सगळा रस. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर, पंखा, मागाची मोटार यांच्यात चुंबक तयार व्हायला जी वीज लागते ती लाटेच्या एका भागात आत जाते आणि दुसऱ्या भागात परत येते. वायरमधून ती वाहते, टाँग टेस्टरला ती दिसते, पण खर्ची पडत नाही. ग्लासात रस किती, या प्रमाणाला पॉवर फॅक्टर म्हणतात. घरच्या मीटरवर आपण पैसे भरतो ते रसाचे. तेव्हा व्होल्ट आणि अँपिअर वेगवेगळे मोजून भागत नाही. दोन्ही एकाच क्षणी मोजावे लागतात, त्या क्षणाचा गुणाकार करावा लागतो, आणि असे हजारो क्षण मिळवून सरासरी काढावी लागते. फिरत्या चकतीच्या जुन्या मीटरमध्ये हा गुणाकार चकतीच करत असे. व्होल्टची एक गुंडाळी, अँपिअरची एक, आणि दोन्हींच्या जोराने मधली ॲल्युमिनियमची चकती फिरायची. हंगेरीच्या ओटो ब्लाथी यांनी तसे मीटर १८८९ मध्ये बनवले आणि त्याच तत्त्वावर जगाने शंभर वर्षे बिले भरली.

थोरली हे सगळे जेवताना ऐकत होती. ताट धुऊन आली आणि म्हणाली, "आप्पा, मग हाच करू की प्रोजेक्ट. आत्याचं मशीन मोजायचं."

मी म्हटले, बाजारात मिळतो तसला मापक. ती म्हणाली, मिळतो, पण तो आत काय करतो ते मालकाला कोण सांगणार?

तिने घेतलेली चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर, अठ्ठावीस पायांची, झुरळाएवढी. संगणकाचे डोके, त्याची आठवण आणि बाहेरचे व्होल्टेज वाचणारे तोंड, हे सगळे एकाच तुकड्यात. या जातीच्या चिपा पन्नास वर्षांपासून निघत आहेत. इंटेल कंपनीची ८०५१ ही त्यांतली प्रसिद्ध चिप १९८० सालची, अजून कॉलेजात तीच शिकवतात. थोरलीने एटीमेगा ३२८ निवडली, कारण ती स्वस्त आहे आणि इटलीत २००५ साली सुरू झालेल्या आर्डुइनोमुळे तिच्यावर प्रोग्राम लिहिणे सोपे झाले आहे. माझा एक माल पोचवायचा होता म्हणून पुण्याला गेलो, तेव्हा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून तिच्या यादीप्रमाणे सामान आणले. यादी वाचून दुकानदाराने विचारले, "कोण करतंय हे?" मी म्हटले, मुलगी. त्याने एक चिप जास्तीची दिली, म्हणाला पहिली जळतेच. तशी ती जळलीही.

चिपेला समजते ते फक्त शून्य ते पाच व्होल्ट, आणि तेही ती ० ते १०२३ अशा आकड्यांत सांगते. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, आणि लाटेच्या माथ्यावर तर ३२५. ती चिपेला दाखवायची कशी? थोरलीच्या वहीत दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज थेट पाडायचा नकाशा होता. स्वस्त पडतो. पण त्यात फेजची तार आणि चिप यांच्यामध्ये काहीच आडकाठी राहत नाही, आणि डबा हाताळणार होती आक्का, तिची नातवंडे. तिथे मी हट्ट धरला. मी माझ्या डोळ्यांसमोर एक सोबती शॉक लागून गेलेला पाहिला आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. नऊ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावायचा ठरला. वाचकांपैकी कुणाची मुले असे काही करत असतील तर त्यांनाही हेच सांगणे आहे. मध्ये ट्रान्सफॉर्मर पाहिजेच, डबा प्लॅस्टिकचा पाहिजे, आणि पहिल्यांदा चालू करताना शेजारी जाणता माणूस पाहिजे.

करंटसाठी सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. बांगडीसारखी एक कडी असते, तिच्या मधून वायर न्यायची. वायरमध्ये पाच अँपिअर गेले तर कडीच्या गुंडाळीतून पाच मिलिअँपिअर निघतात, हजारास एक या हिशेबाने. ते एका रेझिस्टरमधून नेले की चिपेला वाचता येईल असे व्होल्टेज मिळते. तो रेझिस्टर सुटा ठेवून सीटी चालवायची नाही, तोंड उघडे राहिले तर तिथे भलते व्होल्टेज चढते, हे आम्हा वायरमनना पहिल्याच वर्षी शिकवतात.

इथे थोरली अडली. आक्काच्या मशीनचा करंट जेमतेम ०.४ अँपिअर. पाच अँपिअरच्या सीटीवर तो इतका थोडा दिसे की आकडा स्थिर राहीना, ७० वॅट दाखवायचा, मग ९५, मग ८०. तीन रात्री ती प्रोग्राम बदलत बसली. मी विचारले, कडीतून वायर किती वेळा नेलीस? म्हणाली, एकदाच. मी वायर काढली आणि कडीतून पाच वेळा ओवून दिली. टाँग टेस्टरवर बारीक करंट वाचायला आम्ही हेच करतो. पाच वेढे दिले की सीटीला पाचपट करंट दिसतो, मग आलेल्या आकड्याला पाचाने भागायचे. ०.४ चे दोन अँपिअर झाले आणि आकडा जागेवर बसला. थोरली काही बोलली नाही, पण वहीत तिने त्या पानावर 'आप्पांचे पाच वेढे' असे लिहिले. कॉलेजच्या अहवालातही ते तसेच राहिले होते, सरांनी खोडायला लावले.

वीज एका सेकंदात पन्नास लाटा मारते, म्हणजे एक लाट वीस मिलिसेकंदांची. थोरलीची चिप एका लाटेत चाळीस वेळा व्होल्ट आणि चाळीस वेळा अँपिअर वाचते. सेकंदाला दोन हजार जोड्या. प्रत्येक जोडीचा गुणाकार, सगळ्यांची बेरीज, बेरजेला संख्येने भाग. आले वॅट. आणि वॅट दर सेकंदाला मिळवत गेले की युनिट. ती कागदावर लाट काढून मला समजावत होती तेव्हा मला आमच्या वडिलांची सुई आठवत होती, इंचभर कापडावरून धागा-धागा पुढे सरकणारी.

ही बेरीज वीज गेल्यावर पुसून जाऊ नये म्हणून चिपेतच एक कायमची पाटी असते. पण त्या पाटीवर एका जागी लाखभर वेळाच लिहिता येईल एवढीच हमी कंपनी देते. लाख म्हणजे पुष्कळ वाटते. दर सेकंदाला लिहिले तर सव्वा दिवसही पुरत नाही. म्हणून ती दहा मिनिटांनी एकदाच लिहिते. माधवनगरात वीज जाते तशी गेली तर फार तर दहा मिनिटांचा हिशेब बुडतो. त्यावर धाकटा म्हणाला, "मालकापेक्षा बरंच की."

डबा बरोबर सांगतो की नाही, हे ठरवायचे कशावर? शंभर वॅटचा बल्ब लावून बघू असे पहिल्यांदा कुणीही म्हणेल. पण शंभराचा बल्ब शंभर वॅट खातो तो २३० व्होल्टला. आमच्या भागात शेड चालू असताना व्होल्टेज २१०-२१५ वर येते, मग तोच बल्ब नव्वदीच्या खाली उतरतो. म्हणून तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत चांगल्या वॅटमीटरशेजारी डबा ठेवून आकडे जुळवले. बल्बवर तंतोतंत जुळले. घरी आणून आमचा पंखा मोजला, तो पटण्यासारखा आला. मग लॅबमध्ये मोटार लावली आणि डबा पाच टक्के खोटे बोलायला लागला.

हे कोडे तिने स्वतः सोडवले, आणि मला त्याचे कौतुक वाटते ते आकड्यांमुळे नाही. बल्बवर बरोबर आले होते, सरांनी शेरा दिला होता, ती तिथेच थांबू शकत होती. थांबली नाही. झाले असे होते की चिपेला तोंड एकच. आधी व्होल्ट वाचायचे, मग अँपिअर. एका वाचनाला तिला लागतात १०४ मायक्रोसेकंद. एका सेकंदाचे दहा हजार भाग करा, त्यातला एक आणि वर थोडासा. एवढ्या अवधीत विजेची लाट जवळपास दोन अंश पुढे सरकते. म्हणजे आपण गुणाकार करतो तो ह्या क्षणाच्या व्होल्टचा आणि पुढच्या क्षणाच्या अँपिअरचा. बल्बला त्याने काही बिघडत नाही. पण फेस जास्त असलेल्या ग्लासात, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.६ असेल तिथे, एका अंशाची चूक वॅटमध्ये सव्वादोन टक्क्यांहून जास्त फरक करते. दोन अंशांत जवळजवळ पाच. तिने उपाय केला तो असा. आधी व्होल्ट, मग अँपिअर, मग पुन्हा व्होल्ट, आणि दोन व्होल्टांची सरासरी. ती सरासरी बरोबर मधल्या क्षणाची होते, जेव्हा अँपिअर वाचले. ट्रान्सफॉर्मरही लाटेला किंचित मागे-पुढे करतो, तेवढे तिने प्रोग्राममध्ये मोजून वळते केले. मोटारीवरचा फरक दीड टक्क्याच्या आत आला.

डबा तयार झाला तेव्हा आम्ही तो आधी आक्काकडे चोवीस तास ठेवला. मशीन वेगळे, फ्रिज वेगळा. आक्का सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत शिवते, पण मोटार चालते ती पायपेडल दाबलेले असेल तेवढीच. कापणे, टाचणे, दोरा ओवणे, काजे करणे, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणे, या वेळात ती थंड असते. दिवसभराचे भरले ०.१३ युनिट. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर साडेतीनच्याही आत. ज्या साडेतीन युनिटांचे ती ५०० रुपये देत होती.

फ्रिजचा आकडा आला दिवसाला २.३. महिन्याला सत्तरीला टेकलेला.

आक्काचे तोंड उतरले. फ्रिज दाजींनी जुन्या बाजारातून घेतलेला. दाराचे रबर फाटलेले, कॉम्प्रेसर दिवसरात्र घरघरत असायचा. १३० वॅट, रोज सतराअठरा तास. "ते नको सांगू मालकाला," असे ती थोरलीला म्हणाली. थोरली म्हणाली, "आत्या, दोन्ही आकडे एकाच डब्यानं दिल्यात. एक खरा म्हणायचा तर दुसरा झाकता येत न्हाई." दोघी बराच वेळ बोलल्या नाहीत. शेवटी आक्काच म्हणाली, चल.

मालकाने डबा हातात घेऊन उलटासुलटा केला. "पोरीनं केलेलं डबडं," असे म्हणाला, पण तुच्छतेने नव्हे, त्याला खरोखरच शंका होती. आणि शंका रास्त होती. घरी बनवलेल्या मापकाला कायद्यात काडीची किंमत नाही. बिलाची तक्रार असेल तर महावितरणकडे अर्ज करून, शुल्क भरून मीटर तपासून घ्यावे लागते. २०२४ मध्ये प्रीपेड मीटरच्या विरोधात महाराष्ट्रभर लोक रस्त्यावर आले आणि सर्वसामान्य घरांना ते बसवणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले, ते आपण पाहिले आहे. मीटर म्हटले की गरिबाच्या पोटात गोळा येतो तो उगीच नव्हे. आत काय चालते ते त्याला कुणी दाखवलेलेच नसते.

थोरलीने मालकाला डब्यावर विश्वास ठेव असे म्हटलेच नाही. ती म्हणाली, "काका, तुमच्याच मीटरवर मोजू."

सगळ्या नव्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो, तो वाचकांनी पाहिला असेल. त्याच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो. मालकाच्या मीटरवर होते ३२०० इम्पल्स. म्हणजे एक युनिट जळाले की दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. शंभर वॅटचे काही चालू असेल तर तासाला ३२०, म्हणजे सव्वाअकरा सेकंदांनी एकदा. घड्याळ आणि धीर असला की कुणालाही घरबसल्या पडताळता येते, विकतचे काही लागत नाही.

रविवारी दुपारी चाळीतल्या सातही खोल्यांनी मेन स्विच बंद केले. आक्काचा फ्रिज काढला, दिवे-पंखे बंद. दिवा लुकलुकायचा थांबला, पाच मिनिटे सगळे मीटरकडे बघत उभे. मग आक्काने गोधडीचे काठ शिवायला घेतले, पेडल न सोडता. मीटरपुढे आमचा धाकटा आणि मालकाचा नातू, दोघांच्या हातात खडू, प्रत्येक लुकलुकीला भिंतीवर एक रेघ. पंधरा मिनिटे झाल्यावर मालकाने स्वतः घड्याळ बघून "बास" म्हटले. दोघा पोरांच्या रेघा ६६. ६६ भागिले ३२००, म्हणजे २०.६ वॅट-अवर. थोरलीच्या डब्यावर होते २०.४. मालक म्हणाला, "दोनाचा फरक आला की." थोरली म्हणाली, दोन न्हाई काका, पॉइंट दोन, आणि तो डब्याच्या स्वतःच्या पोटात गेला, त्यालाही एक वॅट लागतो. पंधरा मिनिटांचे पाव वॅट-अवर. मालकाने ते मनाशी करून पाहिले आणि हसला.

नंतर आम्ही फ्रिजचा आकडाही सांगितला. तो लगेच म्हणाला, "मग मी पैसे बरोबरच घेतो की!" तसे ते नव्हते, फ्रिजचे पाच पॉइंट आक्का वेगळे देतच होती. पण त्याचे बोलणे अगदीच खोटेही नव्हते. त्यातून चाळीत जे सुरू झाले ते मात्र आम्ही योजले नव्हते. आता प्रत्येक खोलीला मोजून बघायचे होते. डबा महिनाभर चाळीतच राहिला. एका खोलीत पाणी तापवायचा रॉड, हजार वॅटचा, रोज अर्धा तास, त्याचा पॉइंट कधी लागलाच नव्हता. एकीकडे विजेची शेगडी निघाली. ती बाई आजही आक्काशी बोलत नाही. मला याचे वाईट वाटते, कारण ती काही चोर नव्हे, गॅस संपला की तिच्याकडे दुसरे साधन नाही.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट बिलाच्या कागदावरच होती, ती डब्याशिवायही दिसली असती. विजेचा दर चढता असतो. पहिल्या शंभर युनिटांना कमी, पुढे जास्त, त्यापुढे आणखी जास्त. आठ गरीब घरांनी साठ-सत्तर युनिट जाळले तरी प्रत्येक घर पहिल्या पायरीवरच बसले असते. एका मीटरवर ती सगळी मिळून पाचशेच्या वर जातात, आणि बंगल्याच्या दराने पैसे भरतात.

विहारात पौर्णिमेला थोरलीला डबा घेऊन बोलावले. तिने फळ्यावर लाट काढून दाखवली. बायकांनी विचारलेले प्रश्न पुरुषांपेक्षा नेमके होते, इस्त्री किती खाते, मिक्सर किती, टीव्ही रिमोटने बंद केला तर खातो का. खातो, थोडा. एका जुन्या कार्यकर्त्यांनी तिथे आठवण करून दिली की बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते तेव्हा वीज त्यांच्याच खात्यात होती. युद्धानंतर देशाला वीज कशी पुरवायची यावर त्यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये समितीपुढे भाषण केले. वीज स्वस्त आणि मुबलक झाल्याशिवाय कारखानदारी वाढणार नाही आणि कारखानदारीशिवाय लोक दारिद्र्यातून सुटणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. आम्हा वायरमन लोकांतही हे किती जणांना ठाऊक आहे? मलाही ते पन्नाशीत कळले.

मालकाने आक्काच्या मशीनचे ५०० बंद केले. फ्रिजचे पाच पॉइंट होते त्याचे आठ केले. आक्काने दाराचे रबर बदलून घेतले, मी मागची जाळी धुऊन फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. पुन्हा डबा लावला, २.३ चे १.५ झाले.

स्वतंत्र मीटरसाठी मालक कबूल होत नव्हता. थोरलीने कॉलेजच्या ग्रंथालयातून २००३ चा वीज कायदा आणला. त्याच्या ४३ व्या कलमात वीज मागायचा हक्क जागेच्या मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला, असा 'किंवा' आहे. प्रत्यक्षात कागद मागतात, आणि चाळीत भाडेकरार कुणाकडे असतो? आक्काकडे मात्र दाजींनी तारेच्या हुकात ओवून ठेवलेल्या भाड्याच्या पावत्या निघाल्या, अकरा वर्षांच्या. त्यांच्या झेरॉक्स काढून तिने अर्ज दिला. अर्जाची पोच तिने त्याच हुकात अडकवली आहे. डबा सध्या तिच्याकडे नाही, शेगडीवाल्या बाईने मुलाला पाठवून दोन दिवसांसाठी मागून नेला आहे.